गँग शो : स्काउट पोरांची रंगभूमी – इतिहास, बांधणी आणि फसणाऱ्या जागा

विंगेतून

स्काउट म्हटलं की गाठी, तंबू, होकायंत्र एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण ब्रिटनमध्ये गेली नव्वदहून अधिक वर्षं स्काउटांची स्वतःची एक रंगभूमी नांदते आहे. तिचं नाव गँग शो. सव्वादोन तासांचा खेळ. त्यात गाणी, नाच, प्रहसनं आणि अर्ध्या मिनिटात संपणारे विनोदी तुकडे. रंगमंचावर ८ वर्षांच्या कबपासून (सगळ्यात लहान स्काउट) पंचविशीतल्या स्काउटपर्यंत सगळे, सोबत त्यांचे स्काउटमास्टर. मानधन कुणालाच नाही.

मराठीत यावर फारसं काही सापडत नाही, म्हणून हा धागा. सुरुवात इतिहासापासून करतो. बांधणी, ध्वनी, कपडे, कायदा यांवर जाणकारांनी लिहावं.

या सगळ्याचा कर्ता राल्फ रीडर. जन्म १९०३, सॉमरसेटमधलं क्रूकर्न. लहानपणीच आईवडील गेले, नातेवाइकांनी वाढवलं. विशीत न्यूयॉर्कला जाऊन ब्रॉडवेवर नाचला, नाच बसवायला शिकला आणि परतल्यावर लंडनच्या मोठ्या संगीत नाटकांचा नृत्यदिग्दर्शक झाला. हा माणूस स्काउटही होता, हे महत्त्वाचं. केंटमधल्या डाऊन इथल्या स्काउट तळावर पोहण्याचा तलाव बांधायचा होता, त्यासाठी पैसे हवे होते. रीडरनं लंडनमधली दीडशे पोरं गोळा केली, १९३२ च्या उन्हाळ्यापासून तालमी घेतल्या आणि ऑक्टोबरअखेरीस स्काला थिएटरात खेळ लावला. पहिल्या रात्री नाट्यगृह भरलं नव्हतं. तरी तलावाचे पैसे निघाले.

पत्रकावर लेखक म्हणून रीडरचं नावच नव्हतं. तिथं छापलं होतं, 'होलबर्नचा एक रोव्हर', म्हणजे लंडनच्या होलबर्न भागातला एक मोठा स्काउट. व्यावसायिक रंगभूमीवर नाव कमावलेला माणूस स्वतःचं नाव झाकून दीडशे पोरांना पुढे करतो, यातच या प्रकाराचं सगळं व्याकरण आलं. इथं नायक नसतो, गँग असते.

जुना_वॉगल

छान सुरुवात. एक दुरुस्ती आगाऊच करतो, कारण ही चूक हमखास होते. पहिल्या खेळाचं नाव 'गँग शो' नव्हतं. १९३२ चा खेळ 'द गँग्ज ऑल हिअर', १९३३ चा 'द गँग कम्स बॅक'. 'द गँग शो' हे नाव १९३४ मध्ये आलं आणि चिकटलं. पहिल्या नावामागची गोष्ट अशी सांगतात की, तालमीत रीडरनं सगळे आलेत का म्हणून विचारलं आणि एका पोरानं "गँग हजर आहे" अशा अर्थाचं उत्तर दिलं.

शेवटाला गायलं जाणारं 'क्रेस्ट ऑफ अ वेव्ह' हे गाणंही १९३४ चंच. इथंही घोळ होतो. आयव्हर नोव्हेलोचं जवळपास त्याच नावाचं संगीत नाटक १९३७ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात आलं आणि त्याचे नाच बसवण्यात रीडरच होता! म्हणून लोक गाणं त्या नाटकातलं समजतात. दोन्ही वेगळी. गाणं रीडरचं, स्काउटांचं आणि तीन वर्षं आधीचं.

तिसरी_घंटा

थोडं मागे जायला हवं. रीडर आला तेव्हा स्काउटांमध्ये सोंगं काढायची सवय होतीच. स्काउट चळवळ सुरू करणारा बेडन-पॉवेल स्वतः हाडाचा नकलाकार, शाळेपासून रंगमंचाचा नाद. दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगच्या वेढ्यात (१८९९-१९००) रविवारी तोफा थांबत, तेव्हा करमणुकीचे कार्यक्रम होत आणि गावाचा सेनापती स्वतः त्यांत गाणी म्हणायचा, सोंगं घ्यायचा. १९०७ च्या ब्राउन्सी बेटावरच्या पहिल्या प्रायोगिक शिबिरात शेकोटीभोवती गाणी नि गोष्टी होत्याच.

शेकोटीवर प्रत्येक पथकानं उठून एक छोटं काहीतरी करून दाखवायचं, हा गँग शोचा खरा पूर्वज. त्यातून तीन गोष्टी उतरल्या: तुकडा छोटा, सामान जवळजवळ शून्य आणि बघणारेही सूर धरणारे. रीडरनं त्यावर ब्रॉडवेची शिस्त चढवली. पैकी दुसरी गोष्ट, म्हणजे सामान कमी, ही आजकालचे निर्माते विसरतात आणि फसतात. त्यावर पुढे कुणीतरी लिहीलच.

स्काला थिएटरबद्दल जाता जाता: शार्लट स्ट्रीटवरची ही वास्तू १९६९ मध्ये पाडली. १९६४ साली बीटल्सच्या पहिल्या सिनेमातली मैफल तिथंच चित्रित झाली होती. आज तिथं नाट्यगृहाची खूणही नाही.

फेडआऊट

युद्धाचा भाग राहिला. १९३७ मध्ये गँग राजासमोरच्या 'कमांड परफॉर्मन्स'ला गेली, हौशी मंडळींना हा मान तोवर मिळाला नव्हता. त्याच वर्षी त्यांच्यावर सिनेमाही निघाला. दोन वर्षांत युद्ध. रीडर ब्रिटिश हवाई दलाच्या (आरएएफ) गुप्तवार्ता शाखेत दाखल झाला आणि तिथं त्यानं आरएएफ गँग शो उभे केले. हा साचा सैन्याला नेमका मानवला, कारण दहा-पंधरा माणसं, एक पेटीभर कपडे आणि जमलं तर पियानो, एवढ्यावर तो विमानाच्या हँगरात किंवा ट्रकच्या फळीवरही उभा राहतो.

पीटर सेलर्स, टोनी हॅन्कॉक, डिक एमरी, कार्ड्यू रॉबिन्सन ही पुढे गाजलेली विनोदी मंडळी या तुकड्यांमध्ये घडली. सेलर्स तर याच दौऱ्यांत हिंदुस्थान, सिलोन, ब्रह्मदेशापर्यंत आला होता.

युद्धानंतर लंडनचा शो १९५० ला पुन्हा उभा राहिला, पुढे बरीच वर्षं गोल्डर्स ग्रीन हिप्पोड्रोममध्ये आणि शेवटी किलबर्नच्या गॉमाँ स्टेटमध्ये चालला. १९७४ मध्ये रीडरनं तो थांबवला. तोपर्यंत गावोगावचे शो आपापल्या पायांवर उभे होते आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडातही लोण पोचलं होतं. रीडर १९८२ ला गेला.

विंगेतून

@फेडआऊट, आभार. आता बांधणीकडे येऊ. मी क्रमपत्रिकेपासून सुरू करतो, कारण शो तिथंच तरतो किंवा बुडतो.

साधारण आकार असा धरा:

सुरुवातीचं समूहगीत १ (६ मिनिटं), मोठी नाचगाणी ५ (प्रत्येकी ५), प्रहसनं ६ (प्रत्येकी ५), ब्लॅकआउट म्हणजे एका विनोदाचे तुकडे ७ (मिळून ४ मिनिटं), पडद्यापुढची गाणी ४ (प्रत्येकी साडेतीन), कबांचे २ (प्रत्येकी ५), शेकोटी १ (१० मिनिटं), समारोप १ (६ मिनिटं).

एकूण २७ प्रवेश, १०५ मिनिटं. आता गंमत बघा. २७ प्रवेशांत २६ जोड, म्हणजे एका प्रवेशातून दुसऱ्यात जाण्याच्या जागा, त्यातला एक मध्यंतरात जातो, उरले २५. प्रत्येक जोड १० सेकंदांत उरकला तर सगळे मिळून चार मिनिटं जातात. तोच ४० सेकंद खाऊ लागला तर पावणेसतरा मिनिटं. प्रेक्षक घड्याळ बघत नाही. त्याला फक्त "रटाळ होता" एवढंच जाणवतं, आणि दोष मात्र बिचाऱ्या गाणाऱ्या पोरांच्या माथी येतो. म्हणून पहिल्या तालमीपासून प्रवेशांइतकीच जोडांचीही तालीम लावायची, हातात स्टॉपवॉच घेऊन.

नियम सोपा: पूर्ण रंगमंचाच्या प्रवेशामागे पडद्यापुढचा प्रवेश. मधला पडदा पडला की पुढच्या दोन मीटरच्या पट्टीत गाणं किंवा ब्लॅकआउट चालू आणि मागे सामान बदलणं चालू. मागच्या बदलाला दोन मिनिटं लागत असतील तर पुढचा तुकडा किमान अडीच मिनिटांचा हवा. लोक इथं चाळीस सेकंदांचा ब्लॅकआउट लावतात आणि मग अंधारात टेबल ओढल्याचा आवाज ऐकत बसतात.

प्रॉम्प्टर

ब्लॅकआउटबद्दल लिहितो, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त बिघडणारा प्रकार हाच.

ब्लॅकआउटमध्ये शेवटचं वाक्य आणि दिवे जाणं हा एकच विनोद असतो. शेवटच्या शब्दाचं शेवटचं अक्षर तोंडातून बाहेर पडलं की दिवे गेलेच पाहिजेत. आधी गेले तर शब्द गिळला जातो. उशिरा गेले तर पोरं आता काय करायचं म्हणून एकमेकांकडे बघतात आणि हशा तिथंच मरतो. त्यामुळे प्रकाशाच्या क्यूपत्रिकेत (क्यू म्हणजे बदलाचा इशारा) "विनोदानंतर" असं मोघम लिहू नका, तो शेवटचा शब्दच लिहा. आणि पोराला बजावा की तो शब्द बदलायचा नाही. तालमीत "सायकल" आणि खेळाच्या रात्री उत्साहात "माझी सायकल की हो", असं झालं की दिव्यावरचा माणूस बोट ठेवून नुसता बसून राहतो.

दिवे झटक्यात जायला हवेत, फेड नको. जुने हॅलोजन दिवे बंद केल्यावरही क्षणभर तांबूस रेंगाळतात, त्यामुळे तिथं क्यू एका अक्षरानं अलीकडे घ्यावा लागतो. एलईडी तत्काळ जातात. नाट्यगृह बदललं की हे पुन्हा जुळवा.

अंधारात बाहेर पडणं ही वेगळी तालीम. विंगेच्या कडेला आणि लेव्हलच्या (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यांच्या) कोपऱ्यांना अंधारात चमकणारी पट्टी, पट्टी अगोदर दिव्याखाली 'भरलेली'. पोरांनी दिवे गेल्यावर मनात दोन आकडे मोजायचे आणि मगच हलायचं, तोवर डोळे थोडे सरावतात. दहाच्या आतल्या कबांना पूर्ण अंधारात हलवूच नये. त्यांच्यासाठी निळसर मंद उजेड ठेवा, प्रेक्षकाला दिसलं तरी चालेल.

तिसरी_घंटा

सहमत. शिवाय ब्लॅकआउट एकापाठोपाठ एक तीन लावू नका. पहिल्याला हशा, दुसऱ्याला स्मित, तिसऱ्याला खोकला.

आठमात्रा

गाण्यांवर थोडं.

सुरांची पट्टी हा पहिला खड्डा. लोकप्रिय गाणं मूळ पट्टीत उचलतात, ती प्रौढ गायकाला शोभणारी असते. ८ ते १० ची मुलं मिडल सीपासून वर आठ-नऊ सूर आरामात गातात. १३-१४ च्या मुलांचा आवाज फुटत असतो आणि त्यांना मधल्या सहा-सात सुरांपलीकडे काही जमत नाही. ही मुलं मग ओठ हलवतात आणि समूहाचा आवाज निम्मा होतो. उपाय म्हणजे त्यांना स्वतंत्र, खालची, जवळजवळ एका सुरावर चालणारी ओळ लिहून देणं. ऐकायला भरदार लागते आणि पोरं तोंड लपवत नाहीत. आवाज सप्टेंबरात एक असतो, मार्चमध्ये दुसरा, म्हणून जानेवारीत पुन्हा तपासणी करायची.

दुसरं, एकल गायन. गँग शोत एकट्याचं गाणं असलं तरी दुसऱ्या कडव्याला मागून बाकीचे आलेच पाहिजेत, असं माझं मत. साडेतीन मिनिटं एकच मुलगी दिव्याच्या गोलात उभी राहिली की तो गुणदर्शनाचा कार्यक्रम होतो, गँग शो राहत नाही.

वाद्यवृंद की रेकॉर्ड केलेला ट्रॅक? माझं मत वाद्यवृंदाला, अगदी पियानो, बेस, ड्रम आणि एक ट्रम्पेट एवढा असला तरी. कारण रसिकतेचं नाही, सोयीचं आहे. कपडे बदलायला दोन मात्रा उशीर झाला की वाजवणारे चार-चार मात्रांची आठ आवर्तनं पुन्हा फिरवतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ती म्हणजे १६ सेकंद मिळाले. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही.

फेडआऊट

@आठमात्रा, यावर मतभेद नोंदवतो. चार वादक म्हणजे तालमींना चार वादक, आणि ते बहुतेक शेवटच्या आठवड्यातच येतात. पोरं पाच महिने ट्रॅकवर नाचलेली असतात. पहिल्या रंगीत तालमीला ड्रमवाला लय दोन-चार अंकांनी वाढवतो आणि टॅपचा अख्खा नाच कोसळतो. ट्रॅक वापरा, पण फेरा मारता येईल असा, म्हणजे संगणकावर गाण्याचे तुकडे पाडून ठेवलेला. ऑपरेटर बटण दाबेपर्यंत तोच आठ आवर्तनांचा तुकडा फिरत राहतो. तुमचे १६ सेकंद इथंही मिळतात.

आठमात्रा

मान्य, पण ऑपरेटर विंगेकडे बघतोय हे गृहीत धरताय. तो बहुतेक नाट्यगृहांत मागच्या भिंतीपाशी असतो. हेडसेटशिवाय तुमची युक्ती चालणार नाही.

फेडआऊट

हेडसेट तर हवाच, त्याला पर्याय नाही. स्टेज मॅनेजर, प्रकाश, ध्वनी, फ्लाय (वरून पडदे खेचणारा) आणि दोन्ही विंगा, असे सहा. "तयार" आणि "जा" एवढेच दोन शब्द. गप्पा बंद. "जा" हा शब्द क्यूशिवाय इतर कुठल्याही वाक्यात वापरायचा नाही, नाहीतर "बाजूला जा" म्हटल्यावर पडदा पडतो.

वायरलेस माइकबद्दल: ब्रिटनमध्ये ८६३ ते ८६५ मेगाहर्ट्झ विनापरवाना, पण तिथं तीन-चारच माइक सुखानं चालतात. त्याहून जास्त हवे तर चॅनल ३८, म्हणजे ६०६ ते ६१४ मेगाहर्ट्झ, आणि त्यासाठी ऑफकॉमचा (ब्रिटनची दूरसंचार नियामक संस्था) परवाना. शंभर पोरांना १२ माइक म्हणजे एक माइक एका रात्रीत तीन-चार जणांकडे फिरणार. कोण कुणाकडून, कुठल्या विंगेत, कितव्या प्रवेशानंतर, याचा तक्ता भिंतीवर हवा आणि त्या कामाला एक माणूस कायमचा नेमलेला हवा. बॅटऱ्या दर खेळाला नव्या. "काल फक्त तासभरच वापरली" हे वाक्य ऐकलं की समजा, आज दुसऱ्या अंकात एक जण मुका होणार. समूहासाठी रंगमंचाच्या कडेला तीन जमिनीवरचे माइक पुरतात, मात्र टॅपच्या नाचात ते बंद करा.

विंगेतून

जागेचा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून मांडतो. रंगमंच १० मीटर रुंद, ८ मीटर खोल. विंगांचे पडदे, मागचं नेपथ्य आणि पुढची सुरक्षित पट्टी सोडली की हातात ९ गुणिले ६, म्हणजे ५४ चौरस मीटर. शंभर पोरं म्हणजे डोईला अर्धा चौरस मीटर. अकरा वर्षांच्या मुलानं हात पसरले की सव्वा ते दीड मीटर होतात. म्हणजे शंभर जण नाचूच शकत नाहीत, हात पसरताच एकमेकांची नाकं फुटतील.

मग काय करायचं? पुढे २० नाचणारे, प्रत्येकाला सव्वा मीटर बाय सव्वा मीटर धरली तरी ३१ चौरस मीटर गेले. उरलेल्या २३ मध्ये ८० जण लेव्हलवर, २०, ४०, ६० सेंटिमीटरच्या पायऱ्यांवर, खांद्याला खांदा लावून. त्यांना फक्त हात आणि मान. आठ मात्रांनंतर एकदा उजवा हात, पुढच्या आठांनंतर डोकं डावीकडे. पण ऐंशी हात एकाच क्षणी वर गेले की प्रेक्षक मागे रेलतो. रीडरचा हातखंडा हाच, साधी हालचाल गुणिले पोरांची संख्या. अवघड पाऊल वीस जणांना शिकवा, सोपं ऐंशींना. उलट केलंत तर सहा महिने पुरणार नाहीत.

लेव्हलच्या मागच्या कडेला कठडा हवाच. शेवटच्या रांगेतला पोरगा दिवे डोळ्यांवर आले की नकळत एक पाऊल मागे घेतो.

सुईदोरा

कपड्यांचं मी लिहिते, कारण समारोपाची कपडेबदल हा या प्रकारातला सर्वात कठीण यांत्रिक प्रश्न आहे आणि बाहेरच्यांना तो दिसतच नाही.

परंपरा अशी की शेवटाला सगळ्यांनी, म्हणजे सगळ्यांनीच, स्काउटच्या गणवेशात आणि गळ्यात लाल स्कार्फ घालून यायचं. आत्ताच समुद्री चाचा, भाजीपाला किंवा पेंग्विन असलेली शंभर मुलं सहा-सात मिनिटांत गणवेशात हवीत. मेकअपसकट.

त्याची गणितं शेवटाकडून मागे करायची. कबांना सगळ्यात जास्त वेळ लागतो (बुटांच्या नाड्या!), म्हणून त्यांचा शेवटचा प्रवेश समारोपाच्या किमान चार प्रवेश आधी संपवा. मग मधली मुलं. शेकोटीचा प्रवेश शेवटून तिसरा लावला तर बदलाचं बरंच काम तिथंच होतं, कारण शेकोटीला बसणारे आधीच गणवेशात असतात. समारोपाच्या लगेच आधी पडद्यापुढे सहा-आठ मोठ्यांचं चार मिनिटांचं विनोदी गाणं, त्यांचे गणवेश आतून घातलेले आणि वरून चिकटपट्टीनं सुटणारे झगे.

स्कार्फ आधीच घट्ट गुंडाळून, वॉगल (स्कार्फ गळ्याशी धरून ठेवणारं कडं) चढवून, टोकांना रबर लावून खुंटीवर. खुंटीवर नाव नाही, क्रमांक, आणि तोच क्रमांक शर्टाच्या कॉलरला आतून, मोज्यांना आणि बुटांना. स्कार्फ डोक्यातून घालायचा, वॉगल वर सरकवायचा, रबर काढायचं, सहा सेकंद. गुंडाळण्याचं काम त्या क्षणी मुलाच्या हाती दिलंत तर एक मिनिट आणि तरी बोळा. दोन्ही विंगांत दहा-दहा जादा वॉगल आणि एक डबा मोठ्या सेफ्टी पिनांचा. वॉगल हरवतातच, ते कुठं जातात हे देवालाही ठाऊक नाही.

चेहऱ्याला ग्रीजपेंटचा जाड थर लावलेल्या मुलांना समारोपात मागच्या रांगा द्या. तीन मिनिटांत हिरवा रंग उतरत नाही, आणि घाईत पुसला तर कॉलर कायमची हिरवी.

जुना_वॉगल

लाल स्कार्फचं थोडं सविस्तर, कारण त्यावर रुसवेफुगवे बरेच. सोनेरी रंगात जी आणि एस अशी अक्षरं असलेला तो लाल स्कार्फ कुणीही उठून घालायचा नसतो. शोचा दर्जा बाहेरून आलेले परीक्षक बघतात आणि स्काउट संघटनेची मान्यता मिळाली तरच त्या शोतली मंडळी तो घालतात. मान्यता शोला असते, व्यक्तीला नाही. म्हणजे मुख्य भूमिकेतला आणि मागच्या रांगेत पेंग्विन झालेला, दोघांचा स्कार्फ एकच. विंगेत सामान ओढणाऱ्यांनाही तोच.

परीक्षक बघतात ते गायन-नृत्य तर असतंच, पण वेग, पोरांची शिस्त, साहित्याची सभ्यता आणि मुख्य म्हणजे खेळ बघून हे स्काउट आहेत असं वाटतं का, हेही. व्यावसायिक संगीत नाटकाची हुबेहूब नक्कल करणारा झगझगीत शो इथंच मार खातो.

नवा_पेट्रोल

सगळा धागा वाचला, फार उपयोगी. दोन प्रश्न. सुरुवातीला फक्त मुलगे होते का? आणि कायद्याच्या बाजूनं काय लागतं? शंभर लहान मुलं रात्री दहापर्यंत नाट्यगृहात, म्हणजे काहीतरी नियम असणारच.

तिसरी_घंटा

हो, १९३२ ला फक्त मुलगे, बायकांच्या भूमिका तेच करत. पुढे ठिकठिकाणी गाइड मुली शोत आल्या, बऱ्याच गावांत स्काउट-गाइड असा संयुक्त शो झाला. ब्रिटनच्या स्काउट संघटनेत मुलींना १९७६ मध्ये मोठ्या मुलांच्या व्हेंचर स्काउट वयोगटात प्रवेश मिळाला, १९९१ पासून सर्व वयोगट ऐच्छिकरीत्या खुले झाले. साहित्यावर याचा परिणाम दिसतो. 'मिशीवाला फ्रॉक घालून येतो' एवढ्यावरच उभे असलेले जुने विनोद आता खऱ्या मुली शेजारी उभ्या असताना हसवत नाहीत. ते तुकडे काढून टाका, दुरुस्त होत नाहीत.

प्रॉम्प्टर

कायद्याचं, इंग्लंडपुरतं सांगतो. मूळ कायदा १९६३ चा, कलम ३७. त्याखालचे चालू नियम २०१४ चे. शाळेच्या सक्तीचं वय न संपलेल्या प्रत्येक मुलासाठी स्थानिक प्रशासनाचा परवाना, हा सर्वसाधारण नियम. मानधन नसलेल्या संस्थांना संपूर्ण गटासाठी एकच मंजुरी मिळू शकते, गँग शोवाले बहुधा तीच घेतात. आधीच्या सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त दिवस काम केलं नसेल तरची सवलत वेगळी आहे, पण आठवडाभराच्या शोला ती पुरत नाही. चौथ्या दिवशीच संपते.

सोबत मान्यताप्राप्त सांभाळकर्ते. एकाकडे जास्तीत जास्त १२ मुलं. शंभर मुलं म्हणजे नऊ, पण नऊ धरून चालू नका. एक जण दोघांना घेऊन स्वच्छतागृहाकडे गेला की उरलेली दहा कुणाची? चौदा-पंधरा धरा, त्यातले दोन फक्त जिन्यावर. कपडे बदलण्याच्या खोल्या मुलगे-मुली आणि प्रौढ-मुलं अशा वेगळ्या. मंजुरीचा अर्ज तालमी सुरू होतानाच टाका, शेवटच्या महिन्यात नको.

आणखी एक: सार्वजनिक वादनाचा नेहमीचा परवाना वेशभूषेसह सादर होणाऱ्या नाट्यमय गाण्याला पुरेलच असं नाही, आणि गाण्याचे शब्द बदलून विडंबन करायचं तर प्रकाशकाची लेखी परवानगी घ्यावी. रीडरच्या जुन्या गाण्यांनाही हक्क लागू आहेत. "स्काउटांचंच आहे" म्हणून फुकट नव्हे.

नवा_पेट्रोल

धन्यवाद. तालमींचं वेळापत्रक कसं बसवतात?

विंगेतून

मार्चच्या खेळासाठी सप्टेंबरपासून रविवारी तीन तास, साधारण वीस रविवार. पहिले सहा फक्त गाणी, पाठ होईपर्यंत पाय हलवायचे नाहीत. मग प्रवेश वाटून वेगवेगळ्या खोल्यांत, कारण एका प्रहसनात सहा जण असताना चौऱ्याण्णवांना सभागृहात बसवून ठेवलंत तर दुसऱ्या आठवड्यापासून ते येत नाहीत. प्रत्येकाला किमान सहा प्रवेश मिळतील असा तक्ता करा, आणि कुणाही एकाला बारापेक्षा जास्त देऊ नका, त्याला बदलायला वेळच उरत नाही. नाताळानंतर जोडणी. शेवटचे तीन रविवार सलग, न थांबता. कोण चुकलं ते लिहून ठेवा, मध्ये ओरडू नका. नाट्यगृहात एक दिवस फक्त दिवे आणि क्यू, पोरांशिवाय. मग रंगीत तालीम.

आजारी पडणारे पडतातच. म्हणून प्रहसनाची प्रत्येक मोठी भूमिका दुसऱ्या कुणालातरी पाठ असावी, शक्यतो त्याच प्रहसनात छोटं काम करणाऱ्याला.

नवा_पेट्रोल

शेवटचा प्रश्न, जरा बावळट वाटेल. समारोपाच्या घामानं त्या लाल स्कार्फचा रंग खाकी किंवा पांढऱ्या शर्टाला लागतो का?

सुईदोरा

बावळट मुळीच नाही. नवा कोरा असेल तर लागतो. पहिल्या खेळाच्या आधी गार पाण्यात तासभर भिजवा, पाणी लाल यायचं थांबेपर्यंत खळबळा आणि सावलीत वाळवा. एकत्र धुवायचे तर लाल लालांबरोबरच. इस्त्री उलट्या बाजूनं, सोनेरी अक्षरांवर थेट फिरवली तर ती खरपूस पिवळी होतात आणि पुढच्या वर्षी गुंडाळताना नेमकी तीच बाजू वर येते.